नळीतली एकादशी

दांडा काढलेल्या मोठ्या सिरिंजमध्ये पावडरीचं दूध ओतलं, की पहिले काही क्षण ते उतरतंय की नाही, हे कळत नाही. मग सिरिंजच्या आतल्या भिंतीवर, अगदी कडेला, केसाएवढी पांढरी रेघ मागे राहते. ती दिसली की समजायचं, पातळी खाली चालली आहे. सिरिंज थोडी उंच धरली की दूध वेगाने उतरतं, खाली घेतली की रेंगाळतं, आणि पोटाच्या पातळीपर्यंत आणली की थांबतं. यात गुरुत्वाकर्षणाशिवाय कुणाचाच हात नसतो.

नीरजा ती रेघ दिसेपर्यंत श्वास रोखून धरायची. दिसली की सोडायची. दिवसातून सहा वेळा.

नळी तिच्या आईच्या, विमलाबाईंच्या, डाव्या नाकपुडीतून घशामागून पोटात गेली होती. गालावर चिकटपट्टीने तिचं एक वळण बसवलेलं, आणि मोकळं टोक उशीवर. होळीच्या सुमारास विमलाबाईंना न्यूमोनिया झाला, कारण अन्न गिळताना श्वासनलिकेत जात होतं. तेव्हा हॉस्पिटलमध्ये ही नळी घातली, 'थोड्या दिवसांसाठी' म्हणून. आता श्रावण लागला होता. नळी दर महिन्याला बदलली जायची, थोडे दिवस मात्र तेच चालले होते.

न्यूमोनिया बरा झाला. मूळचा आजार बरा होण्यातला नव्हता. विमलाबाईंची स्मृती सात-आठ वर्षं झिजत आली होती. आधी पत्ते गेले, मग नावं, मग माणसं, मग चालणं, आणि सगळ्यांत शेवटी शब्द. अलीकडे त्या बोलत नव्हत्या. डोळे उघडे असत, पण कशावर टेकत नसत.

नीरजा आयुष्यभर पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होती. खडकवासल्याहून शहरात येणारं पाणी पिण्याजोगं आहे की नाही, हे सांगणं तिचं काम. लग्न केलं नाही, निवृत्त झाली, आणि कोथरूडच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आईपाशी राहिली. नळीचं तंत्र तिने प्रयोगशाळेतल्या कामासारखंच आत्मसात केलं. पलंगाची डोक्याकडची बाजू वर. आधी नळीतून थोडा द्राव ओढून तो आम्लपट्टीवर टाकायचा, म्हणजे टोक पोटातच आहे, फुप्फुसाकडे सरकलेलं नाही, याची खात्री. पावडर उकळून कोमट केलेल्या पाण्यात, चमचा सपाट करून, गुठळी न राहू देता. आधी पाणी, मग दूध, मग परत पाणी. त्यानंतर अर्धा-पाऊण तास आडवं करायचं नाही. आहारतज्ज्ञ बाईंनी हे सगळं एकदाच सांगितलं होतं आणि नीरजाने एकदाच ऐकलं होतं. एकदाही चूक झाली नव्हती. विमलाबाईंचं वजन किलोभर वाढलंसुद्धा होतं.

फक्त हात बांधावे लागत.

बांधावे म्हणजे दोरीने नव्हे. मऊ कापडाचे, बोटं नसलेले, मनगटाला पट्ट्या असलेले पिशवीसारखे मोजे होते. हात मोकळे ठेवले की विमलाबाई नळी उपटून काढत. जिला चमचा आणि कंगवा यांतला फरक उरला नव्हता, तिला नाकात काहीतरी आहे आणि ते नको आहे, एवढं मात्र पक्कं कळायचं. मोज्यांचे दोन जोड होते. नीरजा रोज एक धुऊन गॅलरीतल्या दोरीवर वाळत घाली. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा जिन्यात विचारलं होतं, "कुणाकडे बाळ झालं का हो?" नीरजा "नाही" म्हणाली आणि पुढे गेली.

ज्येष्ठात डॉक्टर घरी येऊन गेल्या. त्यांनी विमलाबाईंना तपासलं, मोज्यांकडे पाहिलं, आणि नीरजाला बाहेरच्या खोलीत बसवून म्हणाल्या, "नाकातली नळी इतके महिने ठेवत नाहीत. दोन मार्ग आहेत. पोटाला लहानसं छिद्र करून थेट जठरात नळी बसवायची. ती वर्षभरही राहते. नाहीतर नळी काढून टाकायची, आणि त्यांना बसवून, चमच्याने, त्या घेतील तेवढंच घट्टसर द्यायचं. ते पुरणार नाही. त्या हळूहळू कमी होत जातील. पण या आजारात, या टप्प्यावर, नळीने आयुष्य वाढतं असं काही दिसलेलं नाही. न्यूमोनियाही टळत नाही. विचार करा, घरात बोला, ठरलं की सांगा."

नीरजाने त्यावरचे शोधनिबंध काढून वाचले. डॉक्टर बरोबर होत्या. मग तिने धाकट्या भावाला, अवधूतला, फोन केला आणि पहिला मार्ग सांगितला. दुसरा सांगायला तोंड उघडलं आणि "बाकी ठीक आहे" म्हणून फोन ठेवला. आईला नळी नको, याचा सरळ अर्थ आईला अन्न नको. असं वाक्य मुलीने कोणत्या तोंडाने बोलायचं? तिने ते कागदावर मांडून पाहिलं असतं, तर ते बरोबर निघालं असतं. पण ते मोठ्याने म्हणावं लागणार होतं. डॉक्टरांना उत्तर गेलं नाही. ज्येष्ठ गेला, आषाढ गेला.

श्रावणातल्या वद्य एकादशीला कादंबरी सकाळीच आली. कादंबरी म्हणजे अवधूतची बायको. दोघं सहकारनगरला राहत. आठवड्यातून दोनदा ती येऊन बसायची, म्हणजे नीरजाला बाहेरची कामं उरकता येत. त्या दिवशी तिने आल्या आल्या पावडरीचा डबा उचलला, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि डब्यामागचा बारीक मजकूर वाचत उभी राहिली.

"ताई, यात मका आहे."

"कशात?"

"या डब्यात. मक्यापासून काढलेलं काहीतरी. आणि सोयाबीन. उपासाला मका चालत नाही."

नीरजा भांडं धूत होती. "कादंबरी, आई होळीपासून रोज मका आणि सोयाबीनच घेते आहे. मधल्या सगळ्या एकादश्यांनासुद्धा."

"तेव्हा मी डबा वाचला नव्हता."

"मग आजही वाचला नसतास तरी चाललं असतं."

कादंबरी हसली, पण डबा खाली ठेवला नाही. "तुम्हाला हसू येईल. माझं लग्न झालं त्या वर्षी सासूबाईंना टायफॉइड झाला होता, आठवतंय? मी भीत भीत खिमट घेऊन गेले. म्हणाल्या, आज काय आहे? मी म्हटलं, गुरुवार. म्हणाल्या, एकादशी आहे. ताटली परत पाठवली. आणि वर मला म्हणाल्या, मी किती का आजारी असेना, माझी एकादशी मोडायची नाही, लक्षात ठेव. मी हो म्हटलं होतं."

नीरजाला आठवत होतं. आईच्या देवधर्मात फार काही नव्हतं. गर्दीच्या देवळात ती जायची नाही, दगडूशेठला सुद्धा लांबूनच नमस्कार. पण महिन्याच्या दोन एकादश्या तिच्या होत्या. त्या दिवशी तिला कुणी आग्रह करू शकत नसे. आजीचासुद्धा धाक त्या दिवशी चालत नसे. वडील म्हणत, "आज सरकार सुट्टीवर आहे."

"एकच वेळ," कादंबरी म्हणाली. "दुपारची. साबुदाण्याची पेज करते, दूध घालून. एकदम पातळ. बाकी सगळं तुमच्या डब्यातलं."

नाही म्हणायला हवं होतं. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च. गरम असेतो तो पाण्यासारखा वाहतो आणि निवताना धरून बसतो. हे नीरजाला झोपेतही सांगता आलं असतं. पण आईसाठी कुणी आईच्या पसंतीचं काहीतरी करू म्हणत होतं, आणि असं घरात बऱ्याच दिवसांत घडलं नव्हतं.

"पातळ कर," ती म्हणाली. "दोनदा गाळून घे, दाणा राहता कामा नये. कोमट असतानाच द्यायची, आणि लगेच मागून पाणी. मी देते."

पेज चांगली झाली होती. वेलदोड्याचा वास आला. नीरजाने नळीतून आधी पाणी सोडलं, मग सिरिंजमध्ये पेज ओतली. पांढरी रेघ दिसली. निम्मी सिरिंज उतरली असेल, तेवढ्यात बेल वाजली.

अवधूत आला होता. बुधवार पेठेत त्याचं इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांचं दुकान होतं. दुपारच्या वेळी तो दुकान सोडून कधी यायचा नाही. तो सरळ आतल्या खोलीत आला, पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला आणि आईच्या पायावर हात ठेवून म्हणाला, "झालं. परवा, गुरुवारी. पोटातली नळी बसवून टाकू. मी सर्जनशी बोलून आलो. सकाळी भरती, दुसऱ्या दिवशी घरी. नाकातलं हे लचांड एकदाचं जाईल."

नीरजाचा हात खाली आला. "तू ठरवून आलास?"

"मग कोण ठरवणार? दोन महिने झाले, ताई. मी डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, ताईंकडून निरोप यायचाय. कसला निरोप? तुझं पाणी तपासायचं राहिलंय का अजून?"

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं. आषाढात तीनदा विचारलं. तू म्हणतेस, बघू. काय बघायचंय? एखादा पार्ट गेला की बदलायचा. इतकी वर्षं तेच करतोय मी. सर्किट चालू राहतं."

"ती सर्किट नाहीये, अवधूत."

"मला माहितीये ती कोण आहे!" त्याचा आवाज चढला. विमलाबाईंनी पापण्या मिटल्या आणि उघडल्या. त्याने आवाज लगेच खाली आणला. "मला माहितीये गं. म्हणूनच म्हणतोय."

"अहो," कादंबरी दारातून म्हणाली, "जरा बसा तरी. पाणी देते."

"मला नको पाणी. मला उत्तर दे म्हणावं तिला."

नीरजाकडे उत्तर होतं.  तिने नजर फिरवण्यासाठी म्हणून सिरिंजकडे पाहिलं. ती तिने कधीच मांडीपाशी उतरवून धरली होती. पेज निम्म्यावर तशीच. तिने हात वर नेला. वाट पाहिली. आणखी वर नेला. रेघ उमटली नाही.

"थांब," ती म्हणाली. तिच्या आवाजातला बदल ऐकून अवधूत थांबला.

पुढचा तासभर तिने जे करायचं ते सगळं केलं. लहान सिरिंजमध्ये कोमट पाणी घेऊन हलकेच ढकललं, हलकेच ओढलं. परत ढकललं. नळी बोटांत चोळली. जोर लावायचा नव्हता, आत नळी फुटली असती. सगळं जागच्या जागी होतं. पारदर्शक नळीत पांढरा दुधी काचेसारखा खांब गोठला होता. तो हलला नाही. शेवटी तिने सोनालीला फोन केला.

सोनाली ही घरोघरी जाणारी परिचारिका. यवतमाळकडून शिकायला आली आणि इथेच राहिली. नळी बदलायला दर महिन्याला तीच येई. ती आली, पिशवी खुर्चीवर टाकली, नळी उजेडात धरून पाहिली.

"काय घातलं हे, ताई? कपड्याची खळ?"

"साबुदाणा," कादंबरी म्हणाली. "एकादशी आहे."

"अगं बाई! आजी उपास करतात का अजून?" सोनाली हातमोजे चढवत म्हणाली. "आता ही निघणार नाही. काढावीच लागते. नवीन टाकू."

तिने गालावरची पट्टी भिजवून सोडवली, नळी दुमडून धरली आणि एका लयीत बाहेर ओढली. विमलाबाईंचा चेहरा आक्रसला, डोळ्यांतून पाणी आलं आणि मग सगळं सैल झालं. सोनालीने बॅटरी मारून नाकपुडीत पाहिलं. "आतून सोललंय. या बाजूनं नको आता. उजवीकडून टाकू." तिने पिशवी उपसली. "सोळा नंबरची आहे माझ्याकडे. आजीला जाड होईल. बारा लागते. दादा, खाली मेडिकलमध्ये बघता का? नसेल तर पुढच्या चौकात मिळेल."

"आणतो," अवधूत म्हणाला. जाता जाता तो नीरजाजवळ थांबला. "हे नाकाचं बघितलंस ना? गुरुवार म्हणजे गुरुवार."

सोनालीला बी विंगमध्ये एकाचं ड्रेसिंग करायचं होतं. ते उरकून येते म्हणाली. दार लागलं. घरात तिघी राहिल्या.

कादंबरी पलंगाच्या कडेला बसली होती. ती म्हणाली, "माझ्यामुळे झालं, ताई."

"पेज तुझी होती. हात माझा खाली आला."

"त्यांच्या हाताचं सोडू का? आता नळीच नाही. मोजे कशाला?"

नीरजाच्या हे लक्षातच आलं नव्हतं. दोघींनी एकेक पट्टी सोडली. आतले हात पांढरट, ओलसर, खूप वेळ पाण्यात राहिल्यासारखे सुरकुतलेले होते. नीरजाने ते पुसले. विमलाबाईंचा उजवा हात लगेच वर निघाला, नाकाकडे गेला, तिथे चाचपडला. काही नव्हतं. बोटं तिथेच थांबली, जणू त्यांनाच खरं वाटत नव्हतं. मग ती गालावरून खाली आली, ओठांवर आली, आणि शेवटी पांघरुणावर. आणि पांघरुणावर ती काम करायला लागली. अंगठा आणि पहिलं बोट मिळून काहीतरी टिपायचं, बाजूला सारायचं. पुन्हा टिपायचं, पुन्हा सारायचं.

"तांदूळ निवडतायत," कादंबरी हळूच म्हणाली.

नीरजा बघत राहिली. होळीपासून हे हात पिशवीत होते. आत ते काय करत होते, हे तिला माहीत नव्हतं, आणि तिने विचारही केला नव्हता.

थोड्या वेळाने विमलाबाईंनी ओठांवरून जीभ फिरवली. परत फिरवली. तोंड किंचित हललं, रिकामंच.

उरलेली पेज वाटीत तशीच होती. निवून ती खरवसासारखी थरथरत होती. चमचा उभा राहिला असता. नीरजाने वाटी कलती केली, चमच्याने एक बारीकसा तुकडा कापून पाहिला. गुळगुळीत, एकसंध, पाणी न सुटणारा. डॉक्टरांनी 'घट्टसर' म्हणताना बोटांनी जे दाखवलं होतं, ते नेमकं हेच. नळीत जे जात नव्हतं, ते घशातून सर्वांत सुरक्षित जाणारं होतं. सर्वांत सुरक्षित म्हणजे सुरक्षित नव्हे, हेही तिला ठाऊक होतं. एक तुकडा आडवाटेला गेला तर पुन्हा ताप, पुन्हा ऑक्सिजन.

"उशा दे," ती म्हणाली.

त्यांनी विमलाबाईंना ताठ बसवलं, हनुवटी थोडी खाली घेतली. नीरजाने अर्धा चमचा ओठांशी नेला आणि टेकवून ठेवला. ढकलला नाही. ओठ उघडले. चमचा रिकामा बाहेर आला. मग काहीच झालं नाही. घास तोंडात होता आणि विमलाबाई समोर पाहत होत्या. नीरजाने दोन बोटं त्यांच्या गळ्यावर ठेवली. त्वचेखाली काही हललं नाही. कादंबरीने पदर तोंडाशी धरला. मग बोटांखालची ती लहानशी कूर्चा वर सरकली आणि खाली आली.

"गेलं?"

"गेलं."

विमलाबाईंच्या चेहऱ्यावर काही आलं, असं नीरजा नंतरही कधी म्हणाली नसती. आनंद, ओळख, असलं काही नव्हतं. फक्त डोळे आतापर्यंत कशावरच टेकत नव्हते, ते चमच्यावर टेकले होते. चमचा वाटीकडे गेला की तिकडे, वर आला की वर.

दुसरा चमचा गेला. तिसऱ्याला ठसका लागला. नीरजाने वाटी खाली ठेवली, आईला पुढे वाकवून धरलं.  ठसका निवला, श्वास मोकळा झाला. ती बराच वेळ थांबली. मग विमलाबाईंचे डोळे पुन्हा चमच्याकडे गेले. आणखी दोन चमचे गेले. त्यानंतरचा ओठांशी नेला, तेव्हा ओठ मिटलेले राहिले. नीरजाने जरा वाट पाहून चमचा पुन्हा टेकवला. विमलाबाईंनी मान भिंतीकडे वळवली.

वळवली ती पुरती. लहान मूल करतं तशी नव्हे. ताटली परत पाठवतात, तशी.

"बास म्हणतायत," कादंबरी म्हणाली.

"हो."

नीरजा चमचा हातात धरून बसली. वजन वाढलं होतं, म्हणजे नळीने काम केलं होतं. त्या साऱ्या महिन्यांत आईने भिंतीकडे मान वळवली असेल तर किती वेळा वळवली असेल? नळीला काय त्याचं. दूध वरून खाली उतरत राहिलं होतं, आणि ती त्या रेघेकडे बघत होती, चेहऱ्याकडे नाही.

"ताई," कादंबरीने विचारलं, "डॉक्टर आणखी काही म्हणाल्या होत्या का? पोटातल्या नळीशिवाय?"

नीरजाने मान हलवली. हो. पुढचं न सांगता ती आईची हनुवटी पुसू लागली. कादंबरीने पुन्हा विचारलं नाही. तिने फक्त वाटी उचलून बाजूला ठेवली.

लॅच उघडण्याचा आवाज आला. अवधूत आत आला, घामाघूम, हातात लांबट पाकीट. मागोमाग सोनाली. "तिसऱ्या दुकानात मिळाली," तो म्हणाला आणि मग त्याला आई बसलेली दिसली, मोकळे हात दिसले, वाटी दिसली.

"हे काय? तोंडाने दिलंत?"

"चार-पाच चमचे," नीरजा म्हणाली. "तिने घेतले."

"घेतले म्हणजे काय! मागच्या वेळी काय झालं विसरलीस? आयसीयूच्या बाहेर मी बसलो होतो रात्रभर. जीव घ्यायचाय का तिचा?"

"आवाज खाली, दादा," सोनाली म्हणाली. तिने विमलाबाईंच्या छातीला कान लावल्यासारखं करून श्वास पाहिला, बोटाला ऑक्सिजनची चिमटी लावली, आकडा बघून मान डोलावली. "ठीक आहेत." मग तिने अवधूतच्या हातातलं पाकीट घेतलं. "टाकून घेऊ. मला सहाला कर्वेनगरला पोचायचंय."

"चार चमच्यांवर माणूस जगतो?" अवधूतने विचारलं. आता तो ओरडत नव्हता.

"नाही," नीरजा म्हणाली.

त्याला हे उत्तर अपेक्षित नव्हतं.  "मग?"

"पोटातल्या नळीवरही फार नाही. थोडं इकडेतिकडे. मी वाचलंय, डॉक्टरांनीही सांगितलंय. ताप त्या नळीवरही येतो. आणि आई तीही ओढणार, म्हणजे हात परत बांधावे लागणार."

"म्हणजे आपण काहीच करायचं नाही? बघत बसायचं?" तो पलंगावर बसला. विमलाबाईंचा मोकळा हात त्याने हातात घेतला. बोटं त्याच्या तळव्यात टिपत होती, सारत होती. "मी जेवायचो नाही म्हणून या बाईने मला जिन्यात, गच्चीत, कुठे कुठे गाठून भरवलंय, ताई. तुला माहितीये. आणि तिच्या पोटात काही गेलं नाही तर मी म्हणायचं, ठीक आहे?"

"तू पळायचास, अवधूत. तुला पळता येत होतं."

 कादंबरी त्याच्या मागे येऊन उभी राहिली होती. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "त्यांनी मान फिरवली हो," ती म्हणाली. "मी बघितली. मला ताटली परत दिली होती ना, तश्शी."

अवधूतने आईच्या हाताकडे पाहिलं. बराच वेळ. सोनालीने उजव्या नाकपुडीपासून कानापर्यंत आणि कानापासून पोटापर्यंत नळीची लांबी मापायची, म्हणून पाकीट फोडायला त्याची कड पकडली होती आणि ती नीरजाकडे पाहत थांबली होती. इतके महिने 'हो, टाका' हे नीरजाच म्हणत आली होती. आताही तेवढंच म्हणायचं होतं.

"पाकीट फोडू नका, सोनाली," नीरजा म्हणाली.

"नको?"

"नको." तिचा आवाज कापला. तिने तो कापू दिला. "आईला आता कुठलीच नळी घालायची नाही. नाकातून नाही, गुरुवारी पोटातूनही नाही. आपण तिला बसवून चमच्याने देऊ, ती घेईल तेवढंच. आणि तिने मान फिरवली की थांबायचं."